सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर

टेपरेकॉर्डरचा इतिहास सहसा यंत्रांच्या नावांनी सांगितला जातो: टेलिग्राफोन, मॅग्नेटोफोन, अँपेक्स, वॉकमन. तो एका आकड्यानेही सांगता येतो आणि तसा सांगितला तर जास्त उलगडतो. तो आकडा म्हणजे फितीचा वेग. 1930 च्या दशकात जर्मनीत फीत सेकंदाला 77 सेंटिमीटर धावत होती. युद्धानंतर स्टुडिओंमध्ये ती 38 वर आली, घरगुती स्पूलयंत्रांत 19 आणि साडेनऊवर, आणि कॅसेटमध्ये पावणेपाचवर. दर टप्प्याला वेग साधारण निम्मा झाला आणि दर टप्प्याला ध्वनिमुद्रण नव्या हातांत गेले. आधी रेडिओ केंद्रे, मग स्टुडिओ, मग दिवाणखाना, शेवटी रस्ता. वेग कमी केला की आवाजाची प्रत घसरते. ही घसरण कशी भरून काढली आणि त्या सौद्यात काय मिळाले, काय गेले, हे पाहिले की टेपची शंभर वर्षे एका सूत्रात बसतात.

फितीवर काय घडते

टेप म्हणजे प्लास्टिकची पातळ पट्टी आणि तिच्यावर चिकटवलेला लोहऑक्साइडचा तपकिरी थर. या थरात सुईसारखे लांबट, एक मायक्रॉनहूनही छोटे कण असतात आणि प्रत्येक कण म्हणजे एक इवलासा चुंबक. रेकॉर्डिंगचे हेड म्हणजे मऊ चुंबकीय धातूचे कडे. त्याच्याभोवती तारेची गुंडाळी असते आणि फितीला टेकणाऱ्या बाजूला केसाहून बारीक फट. मायक्रोफोनकडून आलेला विद्युतप्रवाह वाढवून या गुंडाळीत सोडला की फटीपाशी चुंबकीय क्षेत्र बाहेर फुगते आणि समोरून सरकणाऱ्या कणांना वळण लावून जाते. प्रवाह बदलतो तसे हे वळण बदलते. फीत पुढे गेल्यावरही ते टिकते.

ऐकताना हाच खेळ उलटा चालतो. चुंबकित फीत हेडसमोरून सरकली की गुंडाळीत क्षीण विद्युतदाब निर्माण होतो. तो चुंबकत्व किती आहे यावर ठरत नाही, ते किती झपाट्याने बदलते यावर ठरतो. त्यामुळे खर्जाचे स्वर आपोआप दुबळे येतात आणि तारसप्तकातले जोरात. ही तफावत इलेक्ट्रॉनिक मंडल सावरून घेते. रेकॉर्डिंगच्या हेडआधी एक खोडणारे हेड असते. ते अतिशय वेगाने दिशा बदलणारे क्षेत्र देऊन जुने वळण पार विस्कटून टाकते आणि फीत पुन्हा कोरी होते.

उरते फीत सरकवण्याचे काम. दिसायला ते सर्वांत साधे, प्रत्यक्षात सर्वांत अवघड. फीत गुंडाळणाऱ्या चकतीने ती ओढली तर चालत नाही, कारण चकती भरत जाते तसा तिचा घेर वाढतो आणि वेगही वाढतो. म्हणून फीत एका घोटीव पोलादी दांडीवर, म्हणजे कॅपस्टनवर, रबरी चाकाने दाबली जाते. वेग ठरवते ती दांडी. चकत्या फक्त फीत सोडतात आणि गोळा करतात. दांडीत किंचितही वाकडेपणा असला की लांबलेला स्वर थरथरतो. सतारीच्या मिंडेत किंवा तंबोऱ्याच्या अखंड नादात हा दोष आधी पकडला जातो.

तार, पोलाद आणि कागद

आवाज चुंबकात साठवण्याची कल्पना अमेरिकन अभियंता ओबर्लिन स्मिथ याची. 1878 मध्ये त्याने एडिसनची प्रयोगशाळा पाहिली आणि फोनोग्राफच्या सुईची खरखर टाळायचा मार्ग तो शोधू लागला. पोलादाचा कीस मिसळलेला सुती किंवा रेशमी धागा हे त्याचे उत्तर 1888 मध्ये एका विद्युतविषयक नियतकालिकात छापून आले. यंत्र त्याने बाजारात आणले नाही. ते केले कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या वाल्डेमार पोल्सेन या तरुणाने. 1898 च्या त्याच्या टेलिग्राफोनमध्ये नळकांड्यावर गुंडाळलेल्या पोलादी तारेवर आवाज उमटत असे. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्त्स योसेफ त्यात बोलला. आज उपलब्ध असलेले ते सर्वांत जुने चुंबकीय ध्वनिमुद्रण. पण आवाज मोठा करणारे अँप्लिफायर तेव्हा नव्हते. कानाला टेलिफोनचा रिसीव्हर लावून जेवढे ऐकू येईल तेवढेच.

1930 च्या सुमारास बीबीसीने पोलादी पट्टीवर चालणारी यंत्रे घेतली. पट्टी तीन मिलिमीटर रुंद, वेग सेकंदाला दीड मीटर. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाला जवळजवळ तीन किलोमीटर पट्टी लागे. ती तुटली तर सांधा वेल्डिंगने करावा लागे आणि तुटलेले टोक वस्तऱ्यासारखे उसळे. या यंत्राजवळ जाताना माणसे जपूनच जात.

वाट मोकळी केली ती ड्रेस्डेनच्या फ्रिट्झ फ्लॉयमरने. सिगारेटच्या कागदावर धातूची झळाळती पट्टी चढवण्याचे तंत्र त्याच्याजवळ होते. तीच रीत वापरून कागदाच्या फितीवर लोखंडाची पूड चिकटवता येईल हे त्याच्या ध्यानात आले आणि 1928 मध्ये त्याने त्याचे पेटंट घेतले. एईजी कंपनीने ते हक्क घेतले, आजच्या बीएएसएफच्या कारखान्याने फीत बनवायला घेतली, एडुआर्ड श्युलरने वर सांगितलेले कड्याच्या आकाराचे हेड दिले आणि 1935 च्या बर्लिन रेडिओ प्रदर्शनात मॅग्नेटोफोन लोकांसमोर आला. फीत स्वस्त होती, हलकी होती, कात्रीने कापता येत होती आणि गोंदाने जोडता येत होती. आवाज मात्र अजून साधारणच होता. 1936 मध्ये थॉमस बीचम यांच्या लंडन फिलहार्मोनिकचा कार्यक्रम लुडविग्सहाफेनला फितीवर घेतला गेला. तो आज ऐकला तर संगीताइतकीच सळसळही ऐकू येते.

बायस: हट्टी कणांवरचा उपाय

दोष कणांच्या स्वभावातच होता. क्षीण चुंबकीय क्षेत्राला ते दाद देत नाहीत. विशिष्ट मर्यादा ओलांडल्यावर एकदम वळतात आणि पुढे आणखी जोर लावला तरी ढिम्म राहतात. म्हणजे हळू स्वर गायब आणि मोठे स्वर चेपलेले. सुरुवातीचा उपाय असा की आवाजाच्या प्रवाहात स्थिर प्रवाह मिसळून कणांना आधीच थोडे हलवून ठेवायचे. विकृती कमी झाली, पण फीत सतत चुंबकित राहिल्याने सळसळ वाढली.

खरा उपाय बर्लिनमध्ये 1940 मध्ये, बऱ्याच अंशी अपघाताने सापडला. जर्मन नभोवाणीतील वाल्टर वेबर एका मंडलावर काम करत असताना ते आपोआप उच्च कंपनसंख्येने आंदोलित होऊ लागले आणि रेकॉर्डिंग अचानक स्वच्छ आले. कानाला न ऐकू येणारी, आवाजापेक्षा कितीतरी जोरकस उच्च कंपनलहर आवाजासोबत हेडमध्ये सोडली, तर कण जागच्या जागी उलटसुलट घुसळले जातात आणि हेडपासून दूर जाताना आवाजाने सांगितलेल्या जागी निमूट स्थिरावतात. वेबर आणि त्याचा सहकारी ब्राउनम्यूल यांनी ही रीत, म्हणजे बायस, पक्की केली. सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातले उपयोगी अंतर सुमारे 40 डेसिबलवरून 60 च्या घरात गेले. अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत 1920 च्या दशकात आणि जपानमध्ये केन्झो नागाई यांना 1938 मध्ये हेच सापडले होते. चांगली फीत आणि चांगले हेड यांच्याशी त्याची गाठ पहिल्यांदा पडली ती बर्लिनमध्ये. यानंतर निघालेल्या प्रत्येक बऱ्या टेपरेकॉर्डरमध्ये हीच युक्ती आहे.

कात्रीचे राज्य

जॅक मुलिन हा अमेरिकन सैन्याच्या सिग्नल कोअरमधला अभियंता 1944 मध्ये इंग्लंडमध्ये होता. रात्री उशिरा जर्मन रेडिओवर सिंफनी लागत. त्यात तबकडीची खरखर नसे आणि चार-चार मिनिटांनी येणारा खंडही नसे. मध्यरात्री रोज एवढा वाद्यवृंद कोण बसवत असेल, असा प्रश्न त्याला पडे. उत्तर 1945 मध्ये बाड नाउहाइमच्या रेडिओ केंद्रात मिळाले. मुलिनने दोन मॅग्नेटोफोन सुटे करून 50 रिळांसह सॅन फ्रान्सिस्कोला धाडले, जोडले, सुधारले आणि 1946 मध्ये अभियंत्यांच्या सभेत त्यांचे प्रात्यक्षिक दाखवले.

गायक बिंग क्रॉस्बीला दर आठवड्याला थेट कार्यक्रम करण्याचा कंटाळा होता. आधी मुद्रित करून मग प्रसारित करता आले तर त्याला हवेच होते. ऑक्टोबर 1947 पासून त्याचा कार्यक्रम मुलिनच्या फितींवरून जाऊ लागला. क्रॉस्बीने पैसे गुंतवले आणि कॅलिफोर्नियातील अँपेक्स या लहानशा कंपनीचे मॉडेल 200 हे यंत्र 1948 मध्ये बाहेर पडले. अमेरिकन रेडिओ दोन-तीन वर्षांत बदलून गेला.

हे झाले ते निव्वळ प्रतीमुळे नाही. सेकंदाला 76 सेंटिमीटर, म्हणजे जवळपास जर्मन वेगानेच, धावणाऱ्या फितीवर पाव सेकंदाचा ठसका 19 सेंटिमीटर लांब असतो. चकत्या हाताने मागेपुढे फिरवून तो नेमका कुठे सुरू होतो ते ऐकायचे, पेन्सिलीने खूण करायची, तिरपा काप द्यायचा, चिकटपट्टीने जोडायचे. तिरपा अशासाठी की सांधा ऐकू येऊ नये. तबकडीवर उमटलेला आवाज घडून गेलेला असे. फितीवरचा आवाज कच्चा माल झाला. ठसका काढा, नको असलेली ओळ गाळा, कालच्या कार्यक्रमातला हशा आज जोडा. पुढे पन्नासच्या दशकात लेस पॉलने एकट्याने अनेक गिटारी एकावर एक चढवल्या, तर 1967 मध्ये बीटल्सने लंडनच्या एबी रोड स्टुडिओत चार ट्रॅकच्या यंत्रांवर सार्जंट पेपर हा अल्बम बांधला. चार ट्रॅक भरले की ते दुसऱ्या यंत्रावर एकत्र उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेत पुढचे वाद्य घ्यायचे. पण दर उतरवणीत सळसळीचा एक थर वाढे. हा थर कमी करणाऱ्याची सगळे वाट पाहत होते.

वेग निम्मा केल्यावर

घरात मात्र 76 सेंटिमीटरचा वेग परवडणारा नव्हता. एक किलोमीटर फीत त्या वेगाने 22 मिनिटांत संपते. वेग निम्मा केला की वेळ दुप्पट होतो, हे सरळ गणित. आवाजाचे गणित तितके सरळ नाही.

10,000 हर्ट्झचा स्वर, म्हणजे झांजेची झणझण किंवा ‘स’ चा सीत्कार, 76 सेंटिमीटर वेगाच्या फितीवर 76 मायक्रॉन लांबीच्या लाटांनी उमटतो. कॅसेटच्या वेगात हीच लाट पावणेपाच मायक्रॉनची होते. हेडची फट लाटेपेक्षा बरीच अरुंद नसेल तर ती लाट वाचताच येत नाही. त्यामुळे कॅसेटच्या हेडची फट एक-दोन मायक्रॉनपर्यंत आणावी लागली. आता हेडवर साचलेल्या मळाने फीत एकच मायक्रॉन दूर राहिली असे समजा. स्टुडिओच्या वेगात हा स्वर जेमतेम पाऊण डेसिबलने उतरतो, कोणाच्या लक्षातही येत नाही. कॅसेटवर तो सुमारे 11 डेसिबलने उतरतो, म्हणजे त्याची उंची जवळपास पाव उरते. गाणे तेच, गायिका तीच, पण आवाज गोधडीआडून आल्यासारखा. हेड फितीशी काटकोनात नसले तरी हेच होते. म्हणून टेप दुरुस्त करणारा आधी स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने हेड पुसायचा आणि मग हेडशेजारचा बारीक स्क्रू, आवाज उघडा होईपर्यंत, केसभर फिरवायचा.

सर्वांत हळू वेगाचा सर्वांत गाजलेला उपयोग व्हाइट हाउसमध्ये झाला. 1971 पासून राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या कार्यालयातली बोलणी सोनी यंत्रांवर, अतिशय पातळ फितीवर, सेकंदाला 2.4 सेंटिमीटर वेगाने आपोआप नोंदली जात. बोलणे समजले की पुरे होते, फीत तासन्‌तास चालणे महत्त्वाचे. त्यातल्या 20 जून 1972 च्या फितीवर साडेअठरा मिनिटे फक्त गुणगुण आहे. न्यायालयाने नेमलेल्या सहा तज्ज्ञांनी फितीवर चुंबकीय द्रव लावून खोडणाऱ्या हेडच्या सुरू-बंद होण्याच्या खुणा पाहिल्या आणि 1974 मध्ये सांगितले की, हा भाग किमान पाच वेगवेगळ्या वेळा खोडला गेला आहे. आवाज गेला, पण खोडण्याची कृती स्वतःच नोंदली गेली होती.

खिशातली पेटी

1963 मध्ये बर्लिनच्याच रेडिओ प्रदर्शनात फिलिप्सने कॉम्पॅक्ट कॅसेट मांडली. बेल्जियममधील हासेल्ट येथे लू ऑटेन्स यांच्या चमूने ती घडवली. ऑटेन्स यांनी कोटाच्या खिशात मावेल असा लाकडी ठोकळा करून घेतला होता आणि यंत्र त्याहून मोठे होऊ द्यायचे नाही असे ठरवले होते. फीत 3.81 मिलिमीटर रुंद. स्टीरिओसाठी तिच्यावर चार ट्रॅक, म्हणजे एकेक ट्रॅक अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये जवळपास 86 मीटर फीत मावे. फीत हाताने ओवायची गरज नाही, उलटी करायची तर पेटीच उलटी करायची. सोनीच्या आग्रहानंतर फिलिप्सने इतरांना हा आराखडा मोफत वापरू दिला, आणि प्रतिस्पर्धी पेट्या मागे पडण्याचे मोठे कारण तेच.

सुरुवातीला कॅसेट पत्र सांगायला आणि बैठकीच्या नोंदी घ्यायला होती, संगीताला नव्हे. फीत अरुंद आणि वेग कमी, त्यामुळे सळसळ ठळक. या ठिकाणी रे डॉल्बी आला. अँपेक्समध्ये व्हिडिओ रेकॉर्डरवर काम केलेला हा अमेरिकन अभियंता 1963 ते 1965 भारतात संयुक्त राष्ट्रांचा तांत्रिक सल्लागार होता. इथून लंडनला जाऊन त्याने 1965 मध्ये स्वतःची प्रयोगशाळा काढली. त्याची युक्ती अशी: रेकॉर्ड करताना हळू आणि उंच स्वर मुद्दाम वाढवून फितीवर घालायचे आणि ऐकताना तेवढेच खाली आणायचे. संगीत मूळ पातळीवर येते. सळसळ मात्र मधेच, फितीवर मिसळलेली असते, ती खाली दाबली जाते. स्टुडिओसाठीची पहिली पद्धत डेक्का या ध्वनिमुद्रण कंपनीने घेतली आणि थर चढवत जाण्याची अडचण बरीच सुटली. घरगुती डॉल्बी-बी 1968 ची. तिने कॅसेटची सळसळ सुमारे 10 डेसिबलने उतरवली. सत्तरच्या दशकात क्रोमियम डायऑक्साइडच्या आणि 1979 च्या सुमारास शुद्ध धातूच्या कणांच्या फिती आल्या. त्याच वर्षी वॉकमनही आला. सेकंदाला 76 सेंटिमीटर लागत होते ते काम आता पावणेपाचमध्ये, चालता-चालता, होत होते.

भरून मिळतील

आखातात कामाला गेलेल्यांनी आणलेल्या टू-इन-वनपासून, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट एकत्र असलेल्या यंत्रांपासून, भारतात कॅसेट पसरली आणि ऐंशीच्या दशकात तिने संगीताच्या बाजाराची उतरंडच बदलली. तोवर तबकडी काढायची तर गाठ मुख्यतः एकाच मोठ्या कंपनीशी, आणि चित्रपटसंगीतापलीकडे फार थोड्यांना तिथे जागा होती. कॅसेट काढायला थोडक्या भांडवलात चालत असे. संगीताचे अभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी 1993 च्या त्यांच्या ‘कॅसेट कल्चर’ या पुस्तकात उत्तर भारताबद्दल हे सविस्तर मांडले आहे. महाराष्ट्रात त्याचा अर्थ असा झाला की भीमगीते, भजने, कोळीगीते, वगनाट्ये एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर मिळू लागली. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज गावागावांतल्या कर्ण्यांवरून जयंतीला आणि एकादशीला सारखाच घुमू लागला. गोव्यात तियात्रांतल्या कांतारांच्या, म्हणजे गीतांच्या, कॅसेट निघाल्या. पु. ल. देशपांडे यांचे कथाकथन परदेशी जाणाऱ्या मराठी कुटुंबांच्या सामानात हमखास असे.

शिवाय गल्लोगल्ली ‘गाणी भरून मिळतील’ अशा पाट्या लागल्या. यादी द्यायची, कोरी कॅसेट द्यायची, दोन दिवसांनी न्यायची. हे बेकायदा होते आणि गायक-संगीतकारांचे त्यात नुकसान झाले. पण त्याच यंत्राने लोकांनी स्वतःचेही टेप करून ठेवले: गावातले कीर्तन, खासगी बैठकीतली ठुमरी, सभेतले भाषण, आजीच्या ओव्या. एक गोष्ट मात्र यात उरली नाही, ती म्हणजे कात्री. पाव सेकंद आता जेमतेम सव्वा सेंटिमीटरचा आणि तोही बंद पेटीत. कॅसेटने मुद्रण सर्वांना दिले, संपादन दिले नाही. म्हणून त्या नोंदी खोकल्यासकट, कुकरच्या शिट्टीसकट आहेत. अभ्यासकाला आज त्यांचे मोल वाटते ते त्यामुळेही.

आधी कोणत्या फिती

1982 नंतर सीडीने, मग संगणकाने टेपची जागा घेतली. आता प्रश्न उरलेल्या फितींचा आहे. जुन्या ॲसिटेट फिती व्हिनेगरसारखा वास मारत आकसतात. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही स्टुडिओ फितींचा गोंद दमट हवा शोषून चिकट होतो. त्या जाणकारांकडून 50-55 अंशांच्या कोरड्या उष्णतेत काही तास ठेवून मगच वाजवता येतात. कॅसेटची दुखणी साधी: पावसाळ्यातली बुरशी, निसटलेला फेल्टचा तुकडा, सुटलेला सांधा. पातळ फितीत एका वेढ्याचे चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर उतरते आणि गाण्याआधी त्याचा पुसट पूर्वध्वनी ऐकू येतो.

यंत्रांची स्थिती फितींहून वाईट आहे. युनेस्को आणि ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2019 मध्ये यासाठी खास मोहीम काढली, कारण चांगले हेड, सुटे भाग आणि ते जुळवणारी माणसे फितींआधी संपत चालली आहेत. हेड फितीला जुळवून घेतल्याशिवाय घाईने उतरवून घेतलेली प्रत कायमची दबकी राहते. डॉल्बी लावून भरलेली कॅसेट डॉल्बीविना उतरवली तर ती कर्कश होते. उतरवून झाल्यावरही मूळ फीत फेकायची नसते.

सगळे वाचवणे होणार नाही, तेव्हा क्रम लावावा लागेल. स्टुडिओतल्या वेगवान, रुंद, निगुतीने ठेवलेल्या फितींना कंपन्या आणि संग्रहालये वाली आहेत, आणि चित्रपटगीतांच्या प्रती तर हजारो आहेत. टेपच्या इतिहासाने वेग उतरवत-उतरवत ध्वनिमुद्रण ज्यांच्या हाती दिले, त्यांच्या फिती मात्र अरुंद, स्वस्त आणि एकुलत्या एक आहेत. ज्या कॅसेटवर कंपनीचे लेबल नाही, पेनाने नाव आणि तारीख लिहिली आहे, ती आधी उतरवून घ्यावी.